हॅलिफॅक्सहून शिडाच्या बोटीने लूनेनबर्गला

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्सहून लूनेनबर्गला जायला मोटारीने सव्वा तास पुरतो. आम्ही तिघे २६ आणि २७ जुलै या दोन दिवसांत समुद्रमार्गे, तीस फुटी शिडाच्या बोटीने तिथे गेलो. अंतर सुमारे ५० सागरी मैलांचे होते आणि त्यासाठीची माझी तयारी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली होती. त्या पाच महिन्यांत परवाने, परीक्षा, विमा आणि हवामान यांच्यापुढे मी अनेकदा गोंधळून गेले, आणि मराठीत कोणी हे लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते असे मला प्रत्येक वेळी वाटले. म्हणून घडले तसे सगळे इथे लिहीत आहे.

माझे आजोळ हर्णैचे. आजोबांचे बंदरावर मिठाचे दुकान होते आणि संध्याकाळचा लिलाव आटोपला की तांडेल मंडळी तिथे येऊन बसत. लहानपणी मी सुवर्णदुर्गाचा तट किनाऱ्यावरून रोज पाहिला, पण बोटीत पाऊल ठेवले नाही. मुलींना बोटीवर न्यायची पद्धत नव्हती. बोटींविषयी मला जे माहीत होते ते दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलेले. त्यातली एक गोष्ट मनात पक्की राहिली होती. जुलै महिन्यात तिथे सगळ्या बोटी वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असत आणि कोणी घाई करू लागले की आजोबा म्हणत, "नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बघू." हॅलिफॅक्सला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीवर ठेवलेल्या शेकडो बोटी पाहिल्या तेव्हा मला हर्णैच आठवले. इथला मोसम उलटा आहे, इतकाच फरक.

लूनेनबर्ग हे गाव ब्रिटिशांनी १७५३ साली वसवले. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या मोंबेल्यार भागातून आणलेली प्रॉटेस्टंट कुटुंबे इथे राहायला आली. शेतीसाठी आणलेल्या या माणसांची पुढची पिढी मासेमारीत आणि जहाजबांधणीत नावारूपाला आली. चढावर आखलेले काटकोनी रस्ते आणि रंगीत लाकडी घरे अजून टिकून आहेत, त्यामुळे १९९५ पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र ज्या एका गोष्टीने ते प्रत्येक कॅनडावासीयाच्या खिशात पोहोचले ती म्हणजे 'ब्लूनोज' हे दोन डोलकाठ्यांचे स्कूनर, म्हणजे शिडाचे जहाज. २६ मार्च १९२१ रोजी इथल्या स्मिथ आणि रूलंड यांच्या कारखान्यात ते पाण्यात उतरले. ते मासेमारीचे जहाज होते. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासे पकडायला जाई, आणि मोसम संपला की अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या स्कूनरांशी शर्यत लावी. कॅप्टन अँगस वॉल्टर्स यांच्या हाताखाली त्याने इतके नाव मिळवले की १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर शिडे फुगवलेले स्कूनर आले. मोटारीने मी या गावी चार-पाच वेळा गेले होते. दर वेळी वाटे की आपण मागच्या दाराने आत शिरलो. सगळी घरे, चर्चचे मनोरे, लाल रंगाची गोदामे, सारे पाण्याकडे तोंड करून उभे आहे. हे गाव ज्यांच्यासाठी बांधले ते सगळे शिडे उभारून समुद्रावरून येत होते.

मार्चमध्ये माझ्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांशी बोलताना हे सहज माझ्या तोंडून निघून गेले. त्यांची स्वतःची बोट आहे. त्यांनी लगेच सांगितले की जुलैमध्ये आपण जाऊ, बोट माझी, पण सुकाणू तुम्ही धरायचे आणि त्याआधी सगळे रीतसर शिकून यायचे. मी आणि माझा नवरा, दोघांनीही ही अट मान्य केली.

पहिला कागद म्हणजे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड. कॅनडात इंजिन असलेली कोणतीही हौशी बोट चालवणाऱ्याकडे हे कार्ड किंवा पात्रतेचा तशाच स्वरूपाचा पुरावा असावा लागतो. शिडाच्या बोटीला बंदरातून बाहेर काढण्यापुरते छोटे इंजिन असले तरी नियम लागू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही घरबसल्या देता येतात. परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के गुण लागतात. मला सुमारे ५० डॉलर आणि तीन संध्याकाळी लागल्या. कार्ड आयुष्यभर चालते.

या अभ्यासात भारतातून आलेल्या माणसाने एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावे. बंदराच्या वाटेच्या दोन्ही कडा दाखवणारे लाल आणि हिरवे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, जगभर सारखे नसतात. मुंबईत समुद्रावरून आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत नेमके उलट, लाल उजव्या हाताला. माझ्या नवऱ्याने मुंबईत काही काळ गोदीत काम केले होते, त्यामुळे त्याला हे उलटे वळण लावायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. चूक झाली तर बोट थेट खडकावर जाते, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात टोमॅटो आणि ढोबळी मिरची मांडून, मधून काड्यापेटी सरकवत हा सराव केला.

कार्डावरच्या नावाने मात्र तीन आठवडे खाल्ले. माझ्या पासपोर्टवर आपल्या पद्धतीप्रमाणे स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भाग आहेत, तर वाहन परवान्यावर मधले नाव नाही. मी अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव भरले आणि छापून येताना नवऱ्याचे नावच माझे पहिले नाव झाले. पुढे विम्याच्या वेळी कार्ड आणि वाहन परवाना शेजारी ठेवून पाहिले जाणार होते, म्हणून दुरुस्तीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा पुन्हा पाठवावा लागला. तुमचे नाव तीन भागांचे असेल तर या सगळ्या प्रवासात जे एक ओळखपत्र दाखवणार आहात त्यावरचे अक्षर न् अक्षर जुळवूनच प्रत्येक अर्ज भरा.

दुसरा कागद रेडिओचा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर बोलण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते आणि त्याची परीक्षा केंद्र सरकारच्या खात्याच्या वतीने कॅनेडियन पॉवर अँड सेल स्क्वॉड्रन्स ही संस्था घेते. एप्रिलमधल्या दोन संध्याकाळचे वर्ग आणि परीक्षा मिळून माझे सुमारे ११० डॉलर खर्च झाले. प्रमाणपत्र टपालाने यायला पाच आठवडे लागले. मला परीक्षेची भीती नव्हती, माझ्या उच्चारांची होती. संकटात वारा आणि इंजिनाच्या आवाजात माझे इंग्रजी समोरच्याला कळेल का, ही शंका मी वर्गात विचारली. शिक्षिकेने सांगितले की रेडिओवर न समजणारी माणसे बहुतेक घाईने बोलणारी असतात, आणि संदेशाचा क्रम ठरलेला असण्याचे कारणच हे आहे की ऐकणाऱ्याला पुढचा शब्द कोणता येणार हे ठाऊक असावे. 'मेडे' ही संकटाची हाक तीनदा, बोटीचे नाव तीनदा, मग आपण कुठे आहोत, काय झाले आहे, कोणती मदत हवी आहे, बोटीवर माणसे किती. हे मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पुढे बोटीवर रेडिओशेजारी चिकटवले. रोज रात्री भांडी आवरताना एकदा मोठ्याने म्हणायचे, असा नेम दोन महिने पाळला.

जूनमध्ये शीडविद्येचा पाच दिवसांचा प्राथमिक वर्ग झाला. दोन जोडसुट्ट्या आणि एक दिवसाची रजा, माणशी ११५० डॉलर. या सगळ्यात हाच मोठा खर्च आहे आणि इथे काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना तेवढे शक्य नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे. हॅलिफॅक्सच्या नौकानयन क्लबांमध्ये आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मैत्रीपूर्ण शर्यती असतात आणि बोटीच्या मालकांना दोर ओढायला माणसे कमीच पडतात. वेळेवर जाऊन धक्क्यावर नम्रपणे विचारले तर बहुधा कोणीतरी घेते.

पहिल्या दिवशी मला वाटले की हे आपल्याला जमणार नाही. वारा कुठून येतो आहे हे प्रशिक्षक न बघता सांगत होते आणि मी मान वर करून डोलकाठीच्या टोकावरचा बाण शोधत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोळे मिटून सुकाणू धरायला लावले. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की तोंड वाऱ्याकडे आहे, एवढेच लक्षात ठेवायचे. ते पाच मिनिटांत जमले आणि त्यानंतर बऱ्याच गोष्टी आपोआप सुटत गेल्या. गाठींचेही तसेच झाले. पक्का फास, जो ताण आला तरी आवळत नाही आणि सोडायचा म्हटला की हाताच्या बोटाने सुटतो, तो शिकवताना सगळे चाचपडत होते. माझ्या हातांनी तो एका दमात बांधला. विहिरीच्या पोहऱ्याला आजी बांधत असे तीच ही गाठ.

माणूस पाण्यात पडल्यावर त्याला परत आणण्याचा सराव या वर्गात सर्वांत जास्त वेळा करून घेतला गेला. इथले पाणी जुलैतही फार गार असते. शिकवतात ते असे की पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे असेपर्यंत काही करायला, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. पोहता येते म्हणून जॅकेट न घालणाऱ्यांना ही दहा मिनिटे ठाऊक नसतात. मी २८० डॉलरचे, बोटीला अडकवायच्या पट्ट्यासह येणारे जॅकेट घेतले आणि १९० डॉलरचे पावसाळी कपडे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात विमा आणि बोटीची तपासणी झाली. विमा कंपनीला आमची कार्डे, वर्गाचे प्रमाणपत्र आणि आतापर्यंतच्या अनुभवाचा एक पानी तपशील हवा होता. उत्तर यायला नऊ दिवस लागले, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तपासणीत फ्लेअर, म्हणजे संकटात आकाशात सोडायचे लाल दिवे, निम्मे बाद निघाले. बनवल्याच्या तारखेपासून चार वर्षेच ते ग्राह्य धरतात. नवे १८० डॉलरचे आले, ते आम्ही तिघांत वाटून घेतले. डोलकाठीच्या दोरांना टांगलेला, तीन पत्रे एकमेकांत अडकवल्यासारखा दिसणारा रडार परावर्तकही (दुसऱ्यांच्या रडारवर बोट दिसावी म्हणून असतो तो) मालकांनी उतरवून नीट बसवला. तेव्हा मला ती वस्तू शोभेची वाटली होती.

निघायची पहिली तारीख १२ जुलै ठरली होती. हॅलिफॅक्सहून लूनेनबर्ग नैर्ऋत्येला आहे आणि उन्हाळ्यात इथला नेहमीचा वाराही नैर्ऋत्येचाच. म्हणजे ज्या दिशेला जायचे तिथूनच वारा तोंडावर येतो आणि बोटीला नागमोडी जावे लागते. पन्नास मैलांचे सत्तर-पंचाहत्तर होतात. त्यात हाच उबदार, दमट वारा गार पाण्यावरून येताना धुके घेऊन येतो. ११ तारखेच्या संध्याकाळी सागरी अंदाजात नैर्ऋत्येचा २० ते २५ नॉट (ताशी सागरी मैल) वारा, जोरदार वाऱ्याचा इशारा आणि धुके होते. मालकांनी रद्द केले. १९ तारखेला पुन्हा तेच. डबे भरलेले, रजा मंजूर, बर्फ आणलेला, आणि आम्ही घरी. त्या दुसऱ्या शनिवारी मी खरोखर खचले होते. वाऱ्याशी थोडी झटापट केली तर काय बिघडेल, असे मी मालकांना विचारलेही. ते म्हणाले की बिघडेल असे नाही, पण तुमची पहिली सफर तुम्हाला आठवणीत कशी ठेवायची आहे ते तुम्ही ठरवा. मला दुकानाच्या पायरीवरची नारळी पौर्णिमा आठवली आणि मी बर्फ मोरीत ओतला. माझा सल्ला असा की सफरीसाठी एक तारीख ठरवू नका, तीन आठवडे ठरवा. रजा देणाऱ्याला तसे आधी सांगून ठेवा.

२५ जुलैला थंड हवेचा पट्टा सरकून गेला आणि मागे कोरडा वायव्येचा वारा आला. २६ला पहाटे साडेपाचला आम्ही हॅलिफॅक्सच्या नॉर्थवेस्ट आर्म या खाडीतून दोर सोडले. निघण्याआधी बेडफर्डला राहणाऱ्या मैत्रिणीकडे सफरीचा आराखडा दिला होता. बोटीचे नाव, रंग, माणसे, रेडिओ, मार्ग, मुक्काम, आणि रात्री नऊपर्यंत आमचा निरोप आला नाही तर तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळवायचे. असा आराखडा जबाबदार व्यक्तीकडे ठेवायला इथे सगळीकडे सांगतात. मैत्रिणीने तो फ्रिजवर लावला होता.

चेबुक्टो हेडचे भूशिर मागे पडल्यावर महासागराची लांब लाट लागली आणि पोटात कालवले. मळमळीची गोळी मी निघण्याआधी तासभर घेतली होती. तोंडात आलेपाक ठेवला, खाली केबिनमध्ये जायचे टाळले आणि नजर क्षितिजावर ठेवली. तासाभराने बरे वाटले. उजव्या हाताला साम्ब्रो बेटावरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आला. तो १७५८ सालचा, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आज उभ्या असलेल्यांत सर्वांत जुना. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो १७५५ साली, म्हणजे त्याच्या तीनच वर्षे आधी. त्या दिव्याभोवती मैल-दोन मैल पसरलेले खडक आहेत. आतून जाणारी बोयांची वाट आहे, पण नवख्यांनी बाहेरून जावे म्हणून आम्ही बाहेरून गेलो. दुपारी किनारा तापला आणि वायव्येचा वारा पडून समुद्रावरून वारा सुटला. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. ते चेहऱ्यावर बदलताना पहिल्यांदा अनुभवले. शेवटचे सहा मैल नागमोडी जात तीनच्या सुमारास प्रॉस्पेक्ट गावाजवळच्या रोग्ज रूस्ट या ग्रॅनाइटच्या खोबणीत शिरलो आणि तीन वाव, म्हणजे सुमारे अठरा फूट, पाण्यात नांगर टाकला. फोनला जेमतेम रेंज होती. मैत्रिणीला निरोप गेला, तिचे उत्तर आले, आणि रात्री थालीपीठ खाऊन आम्ही झोपलो. नांगर धरून आहे ना हे बघायला मी तीनदा उठले. तो जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो तेव्हा पुन्हा वायव्येचा हलका वारा होता. पेगीज कोव्हचा दीपस्तंभ दूर उजवीकडे पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसला. पर्ल आयलंडजवळ पफिन पक्ष्यांची एक जोडी पाण्याला लागून उडत गेली. आणि साडेदहाच्या सुमारास वारा वळला. आधी क्षितिज पुसट झाले, मग दिसेनासे झाले, मग बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा असलेला माझा नवराही करडा दिसू लागला. रेलिंगवरून पाणी ठिबकत होते. पाऊस नव्हता, हवाच ओली झाली होती.

धुक्यात शिडावर चालणाऱ्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड असा भोंगा द्यायचा असतो. नवरा घड्याळ बघून तो देत होता. मी होकायंत्रावर डोळे ठेवून सुकाणू धरले होते. साधारण अर्ध्या तासाने डावीकडून एका जड इंजिनाची धडधड ऐकू आली. धुक्यात आवाजाची दिशा नीट कळत नाही. कधी तो पुढे वाटे, कधी अगदी शेजारी. मालकांनी सुकाणू हातात घेतले आणि मला रेडिओकडे पाठवले. मी पुठ्ठा समोर धरला, चॅनेल १६ वर 'सिक्युरिते' हा सावधगिरीचा इशारा तीनदा म्हटला, बोटीचे नाव, आमचे अक्षांश-रेखांश, दिशा आणि वेग सांगितला. माझा आवाज कापत होता, पण मी शब्द सावकाश उच्चारले. दोन सेकंदांनी उत्तर आले. मच्छीमार बोट होती. मी तुम्हाला रडारवर पाहतो आहे, तुमच्या मागून जाईन, आहे तसेच चालत राहा, असे शांत आवाजात त्याने सांगितले. आवाज मागे सरकत गेला. आम्हाला ती बोट शेवटपर्यंत दिसली नाही. तीन पत्र्यांचा तो परावर्तक आमच्या डोक्यावर ओला होऊन लोंबत होता.

लूनेनबर्गच्या खाडीच्या तोंडावरचे क्रॉस आयलंड उजाडल्यासारखे अचानक दिसले. खाडीत शिरताच धुक्याची भिंत मागे राहिली आणि ऊन पडले. लाल बोये उजव्या हाताला ठेवत, एकेकाचा आकडा नकाशावर खूण करत मी बोट आत आणली. पावणेचार वाजले होते. समोर चढावर गाव उभे होते; सर्वांत खाली संग्रहालयाच्या लाल इमारती, त्यावर घरांच्या ओळी, माथ्यावर १८९५ सालची लाकडी शाळा. पाण्यावरून पाहताना एकही घर दुसऱ्याच्या आड येत नाही. मला काही वेळ बोलता आले नाही.

बंदरात पाहुण्या बोटी बांधायला तरंगते बोये भाड्याने मिळतात. आम्हाला रात्रीचे ४० डॉलर पडले. छोट्या होडीने धक्क्यावर गेलो. 'ब्लूनोज २' जागेवर होते. मूळ जहाज १९४६ साली हैतीजवळ खडकावर आपटून बुडाले. त्याची प्रतिकृती त्याच कारखान्याने २४ जुलै १९६३ रोजी पाण्यात सोडली, १९७१ मध्ये ती एका डॉलरला प्रांताच्या ताब्यात आली आणि २०१० नंतर तिची जवळजवळ नव्याने बांधणी झाली. मुख्य शिडाच्या तळाशी असलेला आडवा वासा ऐंशी फुटांहून लांब आहे. आमची आख्खी बोट त्याखाली अडीच वेळा मावली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशांनी ते शीड चढवताना मी जवळून पाहिले. दोन दोरांवर दोन रांगा, एक शिडाचा आतला कोपरा उचलणारी, दुसरी बाहेरचे टोक. दोन्ही रांगांनी एका तालात ओढले नाही तर वरचा वासा तिरका होऊन अडकतो. म्हणून एक जण मधे उभा राहून दोन्हीकडे बघत हाक देत होता आणि कापड हातभर, हातभर वर सरकत होते. पाच दिवसांच्या वर्गात मी जे दोन हातांनी केले होते तेच हे काम वीस जण करत होते. बंदरात तीन डोलकाठ्यांचे 'पिक्टन कॅसल' या नावाचे शिकाऊ खलाशांना घेऊन जगप्रदक्षिणा करणारे जहाजही कधी कधी असते. त्या वेळी नव्हते.

मात्र मी जास्त वेळ थांबले ती मच्छीमारांच्या स्मारकापाशी. होकायंत्राच्या दिशांप्रमाणे मांडलेले ग्रॅनाइटचे स्तंभ आहेत आणि त्यांवर समुद्रात गेलेल्यांची नावे वर्षानुसार कोरली आहेत. १९२६ च्या ऑगस्टच्या वादळात 'सिल्व्हिया मोशर' आणि 'सेडी निकल' ही स्कूनरे सेबल बेटाजवळ माणसांसकट गेली. पुढच्याच ऑगस्टमध्ये आणखी चार जहाजे गेली. त्या दोन वर्षांखाली एकच आडनाव पुन्हा पुन्हा येते. कॉडच्या मासेमारीत स्कूनरवरून दोन-दोन माणसे डोरी नावाच्या सपाट तळाच्या होडीत उतरत आणि गळ लावलेले लांब दोर टाकत दूर जात. धुके आले की परतीची वाट फक्त भोंग्याच्या आवाजावर शोधायची. आदल्या दिवशीचा अर्धा तास माझ्या अंगावरून अजून उतरला नव्हता, त्यामुळे ती नावे मी अक्षरांवरून हाताचे बोट फिरवत वाचली.

परतीला २९ तारखेला नेहमीचा नैर्ऋत्येचा वारा होता, या वेळी पाठीमागून. दहा तासांत, न थांबता हॅलिफॅक्स. माझा स्वतःचा एकूण खर्च, वर्ग, कागदपत्रे, जॅकेट, कपडे, मुक्काम आणि खाणे धरून सुमारे १९०० डॉलर झाला. त्यातले बहुतेक एकदाच करायचे आहे.

संध्याकाळी सव्वासातला बोट बांधून होताच मी मैत्रिणीला फोन केला. पहिल्या घंटीला तिने उचलला. आम्ही तिघेही धक्क्यावर आहोत असे मी सांगितले. फ्रिजवरचा कागद काढल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मग ती म्हणाली, "चहा टाकते. सरळ इकडेच या."